भाऊंच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत

मनोहरभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीने, वैशालीने, फोनवर सांगितलं. हुडकेश्वरला त्यांच्या घरी जाऊन आले आणि तशीच कॉम्प्युटरसमोर बसून आमच्या सिकलसेलच्या ई-मेल गटासाठी बातमी लिहिली. पाठवली, तर लगेच उत्तर आलं, 'आपला मजकूर मिळाला. वाचून पुढे पाठवतो. – मनोहर.' ते यंत्राचं ठरलेलं उत्तर, मला का ठाऊक नव्हतं? तरी ते दोनदा वाचलं... भाऊ गेल्याची बातमी भाऊंच्याच मंजुरीसाठी थांबली होती.

गट आम्ही दोघांनी सुरू केला. त्यांची वैशाली आणि माझा निखिल, दोघंही सिकलसेलचे, जन्मापासूनच्या त्या रक्ताच्या आजाराचे. आमची ओळख झाली तीच दवाखान्याच्या बाकावर. पोराची हाडं ठणकायला लागली की काय करायचं, रक्त कुठे मिळेल, हे आईबाप गटावर विचारायचे. नावं मात्र झाकलेली, कारण आजार कळला की घरातल्या मुलींची लग्नं अडतात. कामठीची एक आई कायम 'कामठीची आई' एवढीच होती. तिचा फोन नंबरही आमच्याकडे नव्हता.

सुरुवातीला गट एका कंपनीच्या फुकट सेवेवर होता आणि माझी काही तक्रार नव्हती. मग एकदा कामठीच्या आईने मुलाच्या कळांबद्दल लिहिलं आणि तिच्या मजकुराशेजारीच 'सिकलसेल मुळापासून बरा' अशी चूर्णाची जाहिरात झळकली. भाऊ वीजखात्यात आयुष्य काढलेले, सहसा न तापणारे. पण त्या दिवशी धरमपेठेत माझ्याकडे आले ते चपला काढायच्या आधीच सुरू झाले.

"लेकराच्या दुखण्यापाशी दुकान मांडून राहिले हे लोक, ताई. आपल्याले नाही पाहिजे यांचं फुकटचं."

मग त्यांनी गट एका सार्वजनिक संस्थेच्या सर्व्हरवर नेला. जाहिराती नाहीत, आपलं दुखणं कोणी विकणार नाही. पण सांभाळायला एकच स्वयंसेवक, तोही आपली नोकरी करून. गट अधूनमधून बंद पडायचा आणि मी कुरकुरायची, की ज्याचं पोर रडतंय त्याने तुमची तत्त्वं काय चाटायची आहेत? भाऊ हसायचे. घरचं जेवण आहे, म्हणायचे, थोडा उशीर होणारच. चूर्णवाले पुन्हा शिरू नयेत म्हणून रोज सकाळी, चहाच्याही आधी, प्रत्येक मेल स्वतः वाचून पुढे सोडायचे. पासवर्ड मलाही देऊन ठेवतो म्हणाले होते... ते राहून गेलं.

ते गेले आणि सगळंच अडलं. स्वयंसेवक परगावी. निखिल म्हणाला, आई, आता तरी कंपनीकडे ने, लोक वाट पाहत असतील. मी जवळजवळ तयार झाले होते. भाऊंवर चिडलेही. गेलेल्या माणसावर चिडण्यासारखं वाईट काही नाही. समोरून कोणी हसत नाही.

काही आठवड्यांनी स्वयंसेवक परतला, त्याने मला पासवर्ड दिला. अडकलेल्या मेलच्या रांगेत पहिलाच मेल भाऊंचा. दवाखान्यातून, वैशालीच्या फोनवरून पाठवलेला. तो पत्ता गटाला अनोळखी, म्हणून भाऊंनाच त्यांच्या स्वतःच्या नियमाने दाराबाहेर ठेवलं होतं. 'मी थोडे दिवस नाही. कोणाचं लेकरू दुखून राहिलं तं सुनंदाताईले फोन करा, लाजू नका.' खाली माझा नंबर.

एवढे दिवस कोणाचाच फोन का आला नव्हता, ते तेव्हा कळलं. या दिवसांत कोणाचं पोर तळमळलं असेल, कोणती आई नुसती बसून राहिली असेल... मला भीती वाटली, अजूनही वाटते. पण कंपनीकडेही कुलूप असतंच, फक्त कुलपाशेजारी चूर्णवाला बसलेला असतो. गट आहे तिथेच राहील, किल्ली मात्र आता वैशालीकडेही असेल. मी भाऊंचा मेल पुढे सोडला. त्याखालची माझी बातमी सोडायला हात धजेना.

थोड्याच वेळात फोन वाजला.

"ताई, मी कामठीची आई. भाऊनं फोन करा म्हणून लिहिलं नं."

तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मुलाला मधे फार कळा आल्या, दवाखान्यात सलाईन लावलं, कालच घरी आणलं, असं ती सांगत गेली. ताप आहे का, पाणी पितो का, मी विचारत गेले. मग भाऊंचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली,

"भाऊले सांगजा, पोरगं आता झोपून राहिलं. काळजीत असन ते."

"सांगते," मी म्हटलं.