पाहुण्यांचं पाणी

कामिनी भदाणे यांच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात दोन तऱ्हेच्या पिशव्या असतात. एकीत मटार, दुसरीत मासे. मटारवर काही लिहिलेलं नसतं. माशांवर तारीख, जागा आणि वजन लिहिलेलं असतं, कारण ते खायचे नसतात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांचा नवरा हितेंद्र कौतुकानं ते तळायला काढून बसला होता, कढईत तेलसुद्धा तापलं होतं. तेव्हापासून बँकेतला हा मोठा साहेब स्वतःच्या घरचा फ्रीज उघडण्याआधी परवानगी घेतो.

कामिनीबाई मूळच्या धुळ्याच्या. चोपड्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. स्वभाव संशयी. दूधवाल्याचं दूध, विद्यार्थ्यांची जर्नलं, नवऱ्याचा ‘दहा मिनिटांत पोचतोच’ हा फोन, यातलं काहीही पडताळल्याशिवाय त्या खरं मानत नाहीत. संसारात हा गुण थोडा जाच करतो, पण प्रयोगशाळेत त्याला मान आहे. पाण्यातलं विष जिवांच्या अंगात किती उतरतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पाणी वाहून जातं, मासा तिथंच राहतो, तेव्हा दोघांनाही विचारायचं, असं त्या मुलांना शिकवतात.

डांगरझिरे हे गाव त्यांनी निवडलं ते नाल्यामुळे. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या काही शेड होत्या. तिथलं धुवण नाल्यात, नाला गावाच्या तलावात, आणि गावची पिण्याची विहीर नाल्याच्या काठावर. बॅटरीत शिसं असतं. शिसं थोडंथोडं पोटात गेलं तर माणूस लगेच पडत नाही, पण लहान मुलांची वाढ आणि बुद्धी खुंटते. विहिरीत ते उतरलंय का आणि माशांत किती गेलंय, एवढंच कामिनीबाईंना शोधायचं होतं.

गावात त्यांचा मुक्काम म्हणजे यशोदाबाईंचं अंगण. यशोदाबाईंचं घर विहिरीला लागून. नवरा तोताराम तलावात जाळं टाकायचा आणि मासळी आठवड्याच्या बाजारात नेऊन विकायचा. पोरगा आणि सून सुरतेला कामाला होते, त्यांची मुलगी रोहिणी या दोघांजवळ राहून अंगणवाडीत जायची. कामिनीबाई त्यांना अक्का आणि आबा म्हणायच्या. कॉलेजात प्रमाण मराठीशिवाय न बोलणाऱ्या या बाई त्या ओट्यावर बसल्या की अहिराणीत उतरायच्या आणि त्यांचं त्यांनाच बरं वाटायचं. कामिनीबाई आल्या आल्या यशोदाबाई लख्ख घासलेल्या तांब्यातून पाणी द्यायच्या. ते पाणी गोड लागायचं.

सुरुवातीला विहिरीचे नमुने कामिनीबाई स्वतःच भरणार होत्या. पण पाणी घ्यायला हवं पहाटे, विहीर हलायच्या आधी, आणि चोपड्याहून पहाटे पोचणं काही जमेना. मग त्यांनी यशोदाबाईंना बाटल्या देऊन ठेवल्या. बाटली कशी धरायची, आत बोट कसं लागू द्यायचं नाही, बूच कसं लावायचं, सगळं करून दाखवलं. आदल्या दिवशी फोन करायचा, पहाटे यशोदाबाईंनी बाटली भरायची, तोतारामनं मासे काढून ठेवायचे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या कामिनीबाईंनी एवढ्या एका घरावर मात्र डोळे मिटून विश्वास टाकला. तो अस्थानी नव्हता. यशोदाबाईंनी एकही खेप चुकवली नाही.

जळगावच्या यंत्रावर नमुने गेले आणि आकडे आले ते चक्रावणारे. माशांत शिसं भरपूर. विहिरीत जवळजवळ नाहीच. उलट पाण्यात तांबं वाढलेलं. कामिनीबाईंनी बरेच दिवस डोकं खाजवलं. शेवटी त्यांनी ठरवलं की शिसं तलावाच्या तळच्या गाळात बसतं आणि गाळ उपसून खाणाऱ्या माशांत जातं, विहिरीपर्यंत येत नाही. तांबं मात्र शेतकरी पिकावर मोरचूद मारतात, त्याचं झिरपून येत असणार. तांब्याच्या प्रमाणात भिण्यासारखं काही नव्हतं. सगळं कसं एकात एक बसलं. त्यावर त्यांनी निबंध लिहिला, तो छापून आला, आणि जिल्ह्याच्या कार्यालयात त्यांनी अहवाल दिला: विहिरीचं पाणी पिण्यास योग्य, तलावातले मासे खाऊ नयेत.

अहवालाचा परिणाम लगेच दिसला. पाणी चांगलं आहे म्हटल्यावर नळयोजनेत डांगरझिऱ्याच्या आधी दुसरं गाव घेतलं गेलं. बाजारात बातमी पोचली आणि तोतारामच्या पाटीकडे कुणी फिरकेना. तो कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला जायला लागला. त्या वयात गाठी उचलणं सोपं नव्हतं. कामिनीबाईंना वाईट वाटलं, पण सत्य ते सत्य, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तोताराम त्यांना एका शब्दानं बोलला नाही. कामिनीबाई पुढच्या नमुन्यांसाठी येत राहिल्या आणि तो त्यांच्यापुरते मासे काढून देत राहिला.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी एका नातलगाच्या लग्नाला हितेंद्र आणि त्या शिरपूरकडे निघाले होते. वाटेत फाटा आला आणि कामिनीबाई म्हणाल्या, एवीतेवी बाटली न्यायचीच आहे, दुपारऐवजी आत्ताच नेऊ. एवढ्या सकाळी त्या कधीच आल्या नव्हत्या. लग्नाच्या पैठणीतच त्या अंगणात शिरल्या तेव्हा यशोदाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर तांब्याचा हंडा. बाटलीच्या तोंडावर जुन्या मऊ लुगड्याची चौघडी धरून त्या हंड्यातलं पाणी आत ओतत होत्या. शेजारी वाटीत तुरटीचा खडा होता.

“अक्का, हाई काय करी ऱ्हायनी?”

यशोदाबाई दचकल्या नाहीत. त्यांच्या लेखी लपवण्यासारखं काही नव्हतंच. “तुनीच बाटली भरी ऱ्हायनू. रातले तुरटी फिराई, गाळ खाले बसना.”

“पन मी तं हीरनं पानी सांगेल व्हतं.”

“हीरनंच शे. पन ते गढूळ ऱ्हास. तपासाले जास ते पानी, गढूळ कसं देवानं? गावनी इज्जत शे ना. पोरीले देखाले पाव्हना येतस, तवय तिले फाटकं लुगडं देतस का?”

कामिनीबाई ओट्यावर बसल्या. पैठणीला धूळ लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, आणि शिसं गाळाला धरूनच असतं. त्यांनी हे कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेल्या पाण्यात तांबं उतरतं, हे तर त्यांच्या आजीलाही ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. मोरचुदाचा शोध घ्यायला त्या शेताशेतांतून हिंडल्या आणि या अंगणातला हंडा त्यांना कधी दिसला नाही. विहिरीत डोकावून तर त्यांनी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांना दुसरी शंका आली. तोताराम कामावर निघायच्या तयारीत होता. त्यांनी विचारलं, आबा, माझ्यासाठी मासे कसे निवडता?

“निवडानं काय, ताई,” तोताराम म्हणाला. “तुम्हनाकरता बठ्ठासमा मोठा ऱ्हास तोच ठेवस. बारीक मासा कॉलेजमा धाडाना का? बारीक आम्ही बजारमा इकूत.”

म्हणजे सगळ्यात मोठा, म्हणजे सगळ्यात जून. ज्याच्या हाडांत वर्षानुवर्षांचं शिसं साठलेलं आहे असा. नवऱ्यानं चांगला मासा दिला म्हणून माशाचा आकडा फुगला आणि बायकोनं चांगलं पाणी दिलं म्हणून पाण्याचा आकडा पडला. दोघांनी घरातलं उत्तम ते त्यांना दिलं होतं. कामिनीबाईंना राग आला, आणि राग धरायला समोर कुणी नव्हतं. तो स्वतःकडेच परत आला.

लग्नाला त्या गेल्याच नाहीत. हितेंद्र एकटा आहेर देऊन आला. त्यांनी स्वतः पोहरा सोडून विहिरीचं पाणी भरलं, आहे तसं, गढूळ. पुढच्या काही खेपांनाही त्या पहाटे स्वतः आल्या. तोतारामकडून बाजारात जायचे ते बारीक मासे घेतले. आकडे आले तेव्हा त्यांनी ते पुन्हा करून घेतले, मग पुन्हा एकदा. बारीक माशांत शिसं होतं, पण मर्यादेच्या आत. विहिरीत ते मर्यादेच्या कितीतरी वर होतं. जे चालण्यासारखं होतं ते त्यांनी बंद केलं होतं आणि जे बंद करायचं ते गावाला प्यायला सांगितलं होतं.

छापलेला निबंध मागे घ्यायला सहकाऱ्यांनी विरोध केला. हळूच दुरुस्ती जोडा म्हणाले, नाव जाईल म्हणाले. कामिनीबाईंनी तो मागे घेतला, कार्यालयात नवा अहवाल दिला आणि ग्रामसभेत उभ्या राहून सांगितलं की विहिरीचं पाणी पिऊ नका. माझा आधीचा अहवाल चुकला होता. नमुने घेण्यात चूक झाली आणि ती माझी होती. यशोदाबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. यशोदाबाई बायकांत बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली.

मागून कुणीतरी विचारलं, “मंग इतला दिन आम्ही काय पी लिधं?”

“माझ्या शब्दावर विश्वास ठेवून शिशाचं पाणी प्यालात,” कामिनीबाई म्हणाल्या. मग टँकरची मागणी झाली, ठराव झाला आणि सभा उठली.

निघण्याआधी त्या यशोदाबाईंच्या ओट्यावर आल्या. यशोदाबाईंनी सवयीप्रमाणे तांब्या पुढे केला. आतलं पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. कामिनीबाईंनी तो हातात घेतला आणि पहिल्यांदाच विचारलं, “अक्का, हाई पानी कोनतं?”

“हंडानं. तुनंच शे.”

“आनि तुम्ही कोनतं पितस?”

“आमनं काय, आम्ही हीरनंच पितस. हंडा एकच शे, माय. पाव्हनासपुरतं व्हस ते.”

दोन वर्षं त्या या गावात येऊन जे पाणी प्याल्या, ते गावात दुसरं कुणीच प्यालं नव्हतं. कामिनीबाईंना तांब्या जड झाला. अंगणवाडीतून आलेली रोहिणी बादलीजवळ गेली आणि तिनं पेला बुडवला. कामिनीबाई उठल्या, त्यांनी तो पेला तिच्या हातातून काढून घेतला, ओतून टाकला आणि तांब्यातलं पाणी त्यात भरून तिला दिलं.

“तिले कसाले?” यशोदाबाई म्हणाल्या. “ती तं घरनी शे.”