मेडिक्लेमच्या टेबलावरचे मोतीबिंदू

माणिकपूरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात मी मेडिक्लेमच्या टेबलावर बसतो. डोळ्यांत ड्रॉप घालून बसवलेल्या माणसाला दुसरा उद्योग नसतो, तो बोलत सुटतो. त्यामुळे घरी जाताना माझा डबा रिकामा आणि डोकं किश्शांनी भरलेलं असतं!

*

परवा राजोडीचे एक काका नवीकोरी पॉलिसी घेऊन आले. म्हटलं, "काका, मोतीबिंदूला दोन वर्षांचं वेटिंग आहे. तोवर कंपनी काही देत नाही."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग त्या मोतीबिंदूला थांब म्हनून कोन सांगनार? तू का मी?"

*

वालीवच्या कारखान्यातला एक सुपरवायझर. ऑपरेशन कव्हर होतं, चष्मा नाही, हे ऐकून भडकला. "एवढा प्रीमियम भरतो आणि साधा चष्मा नाही?"

"साहेब, अ‍ॅडमिट झाल्याशिवाय काही मिळत नाही."

त्याने नाकावरचा चष्मा काढून माझ्यापुढे ठेवला. "घ्या. करा अ‍ॅडमिट!"

*

ऑपरेशनमध्ये बसवायच्या लेन्सच्या किमतीला कंपनीची मर्यादा असते. भारीतली हवी तर वरचा फरक आपला. मोतीबिंदूवाल्या नवऱ्याला घेऊन आलेल्या विरारच्या एका वहिनींना हे नीट समजावलं. नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "साधीच टाका. डोळे चांगले होते तेव्हाही ह्यांना समोरचं मीठ सापडत नव्हतं!"

*

पण डिमेलो बाईंची सर कुणाला नाही. निवृत्त शिक्षिका. अर्ध्या माणिकपूरला त्यांनी शिकवलं, मलाही. कॉपी करणाऱ्याला बाकावर उभं करायच्या. महिन्यावर नातीचं लग्न, त्यात चर्चमध्ये बाईंनी वाचन करायचं, आणि पुस्तकातलं अक्षर दिसेना. पॉलिसी जुनी, वेटिंग संपलेलं. मी निर्धास्त होतो.

तपासणीत बाईंनी तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हटली! कंपनीचं उत्तर आलं: दृष्टी उत्तम, ऑपरेशनची गरज नाही.

"बाई, वाचलंत कसं?"

"दार उघडं होतं. आधीचे आठ जण मोठ्याने वाचत होते. झालं पाठ!" मग आवाज खाली आला. "परीक्षेत नापास कसं व्हायचं रे? सवय नाही."

मला फार वाईट वाटलं. पेन्शनमध्ये ऑपरेशन बसणार नव्हतं, आणि नातीचं लग्न काही थांबणार नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलं. या वेळी तक्ता नवा, दार मात्र उघडंच. बाई पहिल्याच मोठ्या अक्षराशी अडल्या. बाहेर बसलेले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी, त्यांना काही ते बघवेना. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बाई, ग!"

दुसरा म्हणाला, "मग ल, बाई. खाली त!"

बाई गर्रकन वळल्या. "कोण कॉपी पुरवतंय ते? गप्प बसा! आज मला नापास व्हायचंय!"