मालोजी परदेशी यांचे घर

देहूरोडच्या लष्करी डेपोत मालोजी तांबारे लाकडी खोक्यांवर पत्ते रंगवीत असे. पत्र्यात कापलेली इंग्रजी अक्षरे खोक्यावर धरायची आणि वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा. खोकी जबलपूरला जात, अंबाल्याला जात. मालोजीला इंग्रजी वाचता येत नव्हते, पण कुठले खोके कुठे निघाले हे तो अक्षरांच्या ठेवणीवरून सांगे. त्याचा स्वतःचा पत्ता सात वर्षांत पाच वेळा बदलला होता. रंग वाळेपर्यंत टिकेल असा त्यात एकही नव्हता.

तो मूळचा भूम तालुक्यातला. अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या धामधुमीत बायकोला घेऊन रात्रंदिवस चालत बार्शीला आला, तिथून रेल्वेने पुण्याकडे. सिंधमधून आलेल्यांना पिंपरीत सरकारने कँप दिला, बराकी दिल्या, बराकींना नंबर दिले. मालोजीचा मुलूख फार जवळचा पडला. दोन दिवसांच्या चालीवरून येणाऱ्याला निर्वासित कोण म्हणणार? निजामाच्या मुलखातला म्हणून त्याला लोक नुसतेच ‘मोगलाईतला’ म्हणाले आणि भाडे आगाऊ मागू लागले.

शेवटी पवनेकाठी म्हातोबाच्या वाडीत कोंडीरामच्या गोठ्याशेजारी तो राहिला. कोंडीराम गावचा जुना शेतकरी, तोंडाने फटकळ. त्याची आई कुशाबाई मालोजीला ‘मोगल’ म्हणे, आणि त्यात तिचा काही वाईट हेतू नव्हता. “ए मोगला, च्या घेतूस का?” असे ती विचारी, तेव्हा चहात गूळ असे.

पंचावन्न साली भावाभावांची वाटणी झाली आणि कोंडीरामने गोठ्याची जागा विकायला काढली. मालोजीने ती मागितली. चावडीवर गाव बसले. उपऱ्या माणसाला गावठाणात जागा द्यायची की नाही, यावर म्हातारी मंडळी बराच वेळ तंबाखू मळीत राहिली.

“उद्या उठून गेला मंग?” एकाने विचारले.

“जाऊंद्या की,” कोंडीराम म्हणाला. “जागा काय डोक्यावर घिऊन जानार हाय?”

म्हाताऱ्यांनी तंबाखू तोंडात टाकली. जागा मिळाली.

खरेदीखत पुण्याला कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका लिहिणाराने लिहिले. त्याने नाव विचारले, बापाचे विचारले, मग मूळ गाव विचारले.

“तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद.”

“म्हणजे निजामाकडचे,” लिहिणारा म्हणाला आणि ‘हल्ली राहणार म्हातोबाची वाडी, मूळचे परदेशी’ असे लिहून मोकळा झाला. निजामाचे राज्य जाऊन सात वर्षे झाली होती, पण ती बातमी त्याच्या टाकापर्यंत पोचली नव्हती. मालोजीने अंगठा न उठवता सही केली. सही करता येते याचा त्याला अभिमान होता. सही काना-मात्रांसह सबंध होती, ‘मालोजी येसाजी तांबारे’. त्यातल्या ‘तांबारे’वर मग कचेरीचा गोल शिक्का नेमका बसला. मजकुरातले ‘तांबारे’ कागदाच्या घडीत आले.

गावी पंचायतीचे सेक्रेटरी मारुतराव यांनी या कागदावरून घराची नोंद घेतली. मारुतराव सचोटीचे गृहस्थ होते. दिसेल तेच लिहीत. त्यांना मालोजी दिसला, येसाजी दिसला आणि ओळीच्या शेवटी परदेशी दिसला. परदेशी आडनावाची माणसे पुण्यात पुष्कळ. त्यांनी नोंद केली.

दोन वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही. घरपट्टीची पावती माणूस भरल्याचा शिक्का बघण्यापुरती उघडतो, मग डब्यात टाकतो. मालोजीने भिंती लिंपल्या, दाराला चौकट बसवली. बायकोने, मंजुळाबाईने, परसात शेवगा लावला. ती म्हणायची, “ह्या शेवग्याच्या शेंगा आपुनच खायाच्या. मागल्या चार जागी लावले, शेंगा दुसऱ्यांनी खाल्ल्या.”

छप्पन साली नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला. मालोजी कुठेही हलला नव्हता, सरहद्दच त्याच्यामागून चालत आली आणि पुढे निघून गेली. “झालास बाबा आमच्यातला,” कोंडीराम म्हणाला, आणि मालोजीने त्या दिवशी डेपोत पेढे वाटले.

पुढे निवडणुकीसाठी मतदारांची यादी चावडीवर लागली. कोंडीराम मोठ्याने वाचत होता. वाचता वाचता थांबला आणि हसू लागला.

“परदेशी मालोजी येसाजी! आरं, ह्यो कोन नवा पाव्हना काढलाय आपल्यात?”

सगळी चावडी हसली. मालोजीही हसला. गावाने त्याचे आडनाव कधी विचारले नव्हते, त्या दिवसापासून ते परदेशी झाले. घरी येऊन त्याने डबा उपडा केला आणि पावत्या एकेक करून उजेडात धरल्या. सगळ्या परदेशी यांच्या होत्या.

मंजुळाबाई तांदूळ निवडत होती. “नावानं छप्पर गळतंय का?” तिने विचारले.

“न्हाय.”

“मंग ऱ्हाऊ द्या की.”

त्याने पावत्या पुन्हा डब्यात भरल्या. मग म्हणाला, “तिकडं गावी शेतावरनं माझं नाव गेलं म्हनत्यात. इथं घर माझं, तर नाव दुसऱ्याचं. मंग तांबारे लिवलाय कुटं, मंजुळा? खोक्यावर?”

तिने सूप खाली ठेवले. “जावा मंग,” ती म्हणाली. “भाकरी बांधून दिती.”

मारुतरावांनी शांतपणे ऐकून घेतले. “अहो मालोजीराव, मी कोण बदलणार? कागद बदलला तर मी बदलेन. मूळ गावचा दाखला आणा, की तुम्ही परदेशी नव्हे.”

“मी परदेशी न्हाय, ह्ये माझ्या गावानं सांगायचं?”

“मग कुणी सांगायचं?” मारुतराव म्हणाले. यातही खोट नव्हती.

डेपोत रजा टाकून, बार्शीच्या छोट्या गाडीत ढेकणांसह बसून, पुढे पायी डोंगर चढून मालोजी नऊ वर्षांनी गावी गेला. भाऊ दत्तोबा मळ्यात होता. त्याने गुळाचा खडा आणि पाणी दिले आणि नजर दुसरीकडे ठेवली.

“पटवाऱ्यानं विचारलं, मालोजी कुटं हाय,” दत्तोबा म्हणाला. “मला म्हाईत असतं तर सांगितलं असतं. त्यानं परागंदा लिवलं. शेताचा सारा तर कुनीतरी भराया पायजे होता, दादा.”

“बरं केलंस,” मालोजी म्हणाला. भांडायचे होते, पण ते बळ डोंगर चढण्यात संपले होते. “मला शेत नगं. येक कागुद पायजे.”

पटवारी नवा होता, तरुण आणि अदबशीर. जुनी दप्तरे उर्दूत, ती त्याला वाचता येत नव्हती. म्हणून त्याने दत्तोबाला आणि देवळात बसलेल्या चौघांना विचारले, आणि मराठीत स्वच्छ दाखला लिहून दिला. मालोजीने तो टोपीत ठेवला. परतीच्या वाटेवर दोनदा टोपी काढून पाहिले, दाखला होता; मळेल म्हणून घडी मात्र उघडली नाही.

मारुतरावांनी दाखला उघडला आणि मोठ्याने वाचला. “‘दाखला देण्यात येतो की, मालोजी वल्द येसाजी हा या गावचा मूळ रहिवासी असून सन १९४८ पासून परदेशी.’”

त्यांनी कागद उलटून पाहिला. पुढे काही नव्हते. खाली सही होती, शिक्का होता, सगळे जागच्या जागी.

“तांबारे कुटं हाय?” मालोजीने विचारले.

तांबारे नव्हते. त्या गावात शंभर उंबरे आणि शंभरही तांबाऱ्यांचे. तिथे आडनाव लिहिणे म्हणजे पाणी ओले आहे असे लिहिण्यासारखे. पटवाऱ्याला ते सुचलेच नव्हते. बाकी त्याने सरळ मराठी लिहिली होती. माणूस मुलूख सोडून गेला, म्हणजे परदेशी गेला. एवढे एक ‘गेला’ कागदावर उतरायचे राहिले होते.

“बघा,” मारुतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात काम पुरे झाल्याचे समाधान होते. “तुमच्याच गावानं लिहून दिलंय.” आणि त्यांनी दाखला नोंदीला जोडून टाचणी मारली.

मालोजी उठला. पुन्हा गावी जायचे म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा गाडी, पुन्हा तो डोंगर आणि दत्तोबाची वळवलेली नजर. त्याने धोतराची धूळ झटकली आणि घरी गेला.

पुढच्या रविवारी तो डालड्याचा रिकामा डबा कापून पत्रा सपाट करीत बसला. डेपोतली अक्षरे इंग्रजी, ती इथे कामाची नव्हती. मराठी अक्षरे कापणे अवघड. वरची रेघ सलग कापली तर अक्षराच्या पोटातला पत्रा गळून पडतो. म्हणून मध्ये मध्ये पूल ठेवावे लागतात, आणि नाव तुटक उमटते. ‘रे’ने त्याला दुपारपर्यंत झुलवले. बोट कापले. मंजुळाबाईने चिंधी बांधली आणि पत्रा दोन्ही हातांनी दाराच्या चौकटीवर धरला. त्याने बोळा फिरवला.

“वाकडं झालं,” ती म्हणाली.

“दिसतंय न्हवं?”

“दिसतंय.”

संध्याकाळी कोंडीराम म्हैस घेऊन ओढ्यावरून आला. दाराशी थबकला. मागे कुशाबाई होती, तिला वाचता येत नव्हते, पण काळा रंग दिसत होता.

“तां-बा-रे,” कोंडीरामने वाचले. “परदेशी, आरं ह्ये तांबारे कोन? भाडेकरू ठिवलास व्हय?”

मालोजी उंबऱ्यावर बसला होता. खुलासा करायचा तर अठ्ठेचाळीस सालापासून करावा लागला असता.

“व्हय,” तो म्हणाला. “ठिवलाय.”

“मानूस बरा हाय का?”

“गरीब हाय. तरास न्हाय कुनाला.”

“आगाऊ भाडं घेतलंस न्हवं?” कोंडीराम म्हणाला. “ही भाईरची मान्सं. कवा उठून जातील, नेम न्हाई.”

“ह्यो जायाचा न्हाय,” मालोजी म्हणाला, आणि उंबऱ्यावर थोडा सरकून त्याने कुशाबाईला बसायला जागा करून दिली.