गोठ्यातली हिरवी हाडं

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी ती दुपार डोक्यातून जात नाही. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पनवेल तालुक्यात फौजदार होतो. आपटा गावाच्या पलीकडच्या डोंगरवाडीतली एक बाई ठाण्यात आली. नवरा बेपत्ता असल्याची तिची जुनी तक्रार आमच्याकडे होती. दरवेळी येऊन ती एकच विचारायची, "सायब, माजा मालक हाय का गेला, तेवडं सांगा."

त्या दिवशी मात्र दुसरंच म्हणाली. "दीर दुपारचा गोठ्याचं दार लावून बसतो. चिंच न् मीठ लावून कायतरी घासतो. खसखस आवाज येतो. आमच्या घरात तांब्याचं भांडं नाय, सायब."

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. दोन पंच घेऊन निघालो.

गोठ्यात पेंढ्याखाली टोपली होती. टोपलीत माणसाची हाडं, आणि ती हिरवी. शेवाळाची हिरवी नव्हे, कळक चढलेल्या तांब्याच्या भांड्याची. घासून काही टोकं पांढरी पडली होती. एक पंच जो पडवीत जाऊन बसला, तो सहीलाही आत येईना. बाईनं पायाचं एक हाड ओळखलं. झाडावरून पडून मोडलेलं, वाकडं सांधलेलं. "कुनी केलं?" एवढंच तिनं विचारलं.

दीर म्हणाला, हाडं नदीकाठी सापडली. दिवसभर विचारलं, पण पठ्ठ्या ढिम्म.

डोंगरावर तेव्हा खनिज शोधणाऱ्यांचा तंबू होता. तिथल्या भूवैज्ञानिकाला हाड दाखवलं. तो म्हणाला, "हा सगळा काळा कातळ लाव्हाचा. त्याच्या भेगांत क्वचित तांब्याचा पदर असतो. त्यातून झिरपणारं पाणी हिरवं होतं, आणि त्या पाण्यात वर्षानुवर्षं पडलेलं हाडही." असा पदर तिथे एकाच जागी होता, मागे चाचणीसाठी खणून सोडलेल्या खड्ड्यात. जमीन दोघा भावांची सामाईक. तंबूवाले तो खड्डा आता पुन्हा तपासायला उपसणार होते.

"खाण होईल इथे?" मी विचारलं.

"छे! आजूबाजूला बोअर मारून पाहिलं. बोटभर पदर, तोही थोडं खाली गेलं की संपतो. खणायचा खर्च निघणार नाही."

मी दिरासमोर बसून त्याला एवढंच सांगितलं. हात लावला नाही. "खोटं, सायब. तिथं तांबं हाय. त्याच्यापायी तर मी..." पुढचं वाक्य त्यानं गिळलं, पण व्हायचं ते झालं होतं; मग सगळंच ओकला. भाऊ जमीन विकू देईना, म्हणून यानं त्याला खड्ड्यात ढकललं. खड्डा उपसणार असं कळल्यावर हाडं काढली. हिरवा रंग खड्ड्याचं नाव सांगेल म्हणून घासत बसला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण पंचांसमक्ष खड्डा उपसला, तेव्हा गाळात बोटांची उरलेली हाडं निघाली.

दिराला शिक्षा होऊन कोर्टाचं काम आटोपल्यावर हाडं बाईच्या ताब्यात दिली. चिता पेटली तेव्हा मी बंदोबस्ताला होतो. बघता बघता ज्वाळेच्या कडा हिरव्या झाल्या. माणसं ओरडत मागे सरली. खरं सांगतो, मीही सरलो. तांब्यामुळे ज्वाळा हिरवी दिसते, हे मला नंतर कळलं.

"अगं, लांब हो!" कुणीतरी ओरडलं.

"मी कशाला भिऊ? माजाच हाय तो," ती म्हणाली, आणि आग विझेपर्यंत जागची हलली नाही.

माणूस गेल्याचं दुःख सोसता येतं, त्याचं काय झालं हे न कळणं सोसवत नाही, हे मी तिथे पाहिलं. पुढे मी जिथे जिथे होतो, तिथे बेपत्ता माणसाचा कागद माझ्या टेबलावर सगळ्यांत वर असायचा.