थोरल्याची चाकं

"थोरला गेला," असं धाकट्याच्या तोंडून निघालं की ऐकणारा आधी चेहरा पाडायचा. मग धाकट्याला घाईघाईनं सांगावं लागायचं, "अहो, तसा नाही. लग्न करून गेला." लोक हसायचे, आणि त्यांच्याबरोबर त्यालाही थोडं हसावं लागायचं.

थोरला बासष्टचा, धाकटा अठ्ठावन्नचा. थोरल्याचं लग्न जमेना आणि त्याच्या आधी धाकट्याचं करायचं नाही, असं आईनं ठरवून टाकलं होतं. पुढे आई वारली, तोवर दोघांचीही त्या विषयाची सवय मोडली होती. तीस वर्षं दोघांनी पिकअपवर लोकांचं घरसामान हलवलं. थोरला गाडी चालवणार आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारणार. धाकटा सामान बांधणार आणि गाडी दुरुस्त करणार. धाकट्यानं बांधलेलं कपाट कधी हललं नाही आणि थोरल्यानं जोडलेलं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. अख्ख्या गल्लीत त्यांना थोरला आणि धाकटा याखेरीज दुसरी नावं आहेत, हे फक्त वीजबिलाला ठाऊक होतं.

मग एकदा एका ग्रंथपाल बाईंचं सामान हलवायचं काम आलं. त्या निवृत्त होऊन आपल्या म्हाताऱ्या आईकडे, आठ तासांवरच्या गावी राहायला चालल्या होत्या. पुस्तकांची एकेचाळीस खोकी होती. खोकी उतरवताना त्यांनी थोरल्याला विचारलं, "तुम्ही वाचता का?" थोरला म्हणाला, "वेळ मिळाला नाही." बाई म्हणाल्या, "आता मिळेल की." वर्षभरानं थोरल्यानं त्या बाईंशी लग्न केलं. त्यांच्या आईला हलवणं शक्य नव्हतं, म्हणून थोरलाच तिकडे गेला. जाताना दोन बॅगा घेऊन गेला. पिकअप, घर, भांडी, सगळं धाकट्याला ठेवलं.

चार महिने धाकट्यानं थोरल्याची खोली उघडली नाही. एका रविवारी कुबट वास आला म्हणून उघडली आणि झाडताना झाडू पलंगाखाली कशाला तरी अडला. वाकून पाहिलं तर चार खोकी होती. ती त्यानं ओळखली.

सहा वर्षांपूर्वी थोरल्यानं एका दुकानातून पिकअपसाठी अलॉयची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, चाकं आणली होती. चकचकीत, सहा पात्यांची. बोल्टची भोकं बरोबर जुळत होती, पण मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे ज्या गोल भागावर चाक चढतं त्यापेक्षा, दोन मिलीमीटरनं लहान होतं. चाक हबवर चढेचना.

"मोजून नाही घेतलंस?" धाकट्यानं विचारलं होतं.

"दुकानदार म्हणाला बसेल."

"दुकानदार म्हणाला आणि तू घेतलंस. तुझं डोकं फक्त टोपी ठेवायला आहे का रे दादा?"

थोरला सहसा चिडत नसे. त्या दिवशी तो इतकंच म्हणाला, "जन्मात एकदा एक गोष्ट न मोजता घेतली, छोट्या. फक्त चांगली दिसली म्हणून." दुकानदारानं चाकं परत घ्यायला नकार दिला. थोरल्यानं ती उचलून आत नेली, आणि नऊ दिवस दोघं भाऊ एकाच गाडीत शेजारी बसून एकमेकांशी बोलले नाहीत. दहाव्या दिवशी एक फ्रिज जिन्यात अडकला, तेव्हा बोलावंच लागलं. चाकांचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

निघाला नाही, तरी धाकट्याच्या मनातून गेलाही नव्हता. थोरल्यानं लग्नाचं सांगितलं तेव्हा त्याला पहिली आठवण झाली ती त्या टोपीच्या वाक्याची. असं बोलणाऱ्या माणसाजवळ कोण राहील, असं त्याला वाटलं होतं.

त्यानं खोकी एकेक करून मागच्या शेडमध्ये नेली, चाकं बाहेर काढली, पुसली. मग व्हर्निअर ही बारीक मापाची पट्टी घेऊन गाडीचा हब तीनदा मोजला आणि चाकाचं भोक चारदा. सगळीकडून मिळून दोन मिलीमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूनं एक. बाजारातल्या लेथवाल्यानं एका दुपारी काम उरकून दिलं असतं. पण ते वाक्य धाकट्याचं होतं, तेव्हा कामही त्यालाच करायचं होतं.

घरी लेथ नव्हतं. त्यानं भंगारातून एक जुना हब बेअरिंगसकट शोधून काढला आणि बाकड्यावर उभा घट्ट आवळला. त्यावर जाड प्लायवूडची गोल फळी बसवली आणि फळीवर चाक पालथं घालून बोल्टनं जखडलं. आता चाक हातानं फिरवता येत होतं. ग्राइंडरला दातेरी कटर लावून तो त्यानं लोखंडी दांड्याला असा बांधला की तो हलणार नाही, फक्त स्क्रूच्या एकेका आट्यानं पुढं सरकेल. ही सगळी जोडणी करण्यातच तीन रविवार गेले.

खरी अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक कामाला तिसरा आणि चौथा हात लागत होता. चाक उचलून बसवताना कुणीतरी खालून बोल्ट लावायला हवा. एकदा चाक छातीशी धरून तो सवयीनं म्हणाला, "दादा, धर रे जरा." म्हटल्यावर तो तसाच उभा राहिला. बारा किलोचं चाक होतं, हात भरून आले, तरी लगेच खाली ठेवलं नाही. संध्याकाळी त्यानं शेडच्या आढ्याला एक कप्पी लावली, दोरी ओवली, टोकाला आकडा बांधला. मग आकडा चाक धरू लागला.

अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, पण चिवट. कटरच्या दातांत चिकटून बसतं. धाकटा दर दोन फेऱ्यांनी थांबून कटरला मेण लावायचा, कीस ब्रशनं झाडायचा आणि मोजायचा. शेवटची कसर तो कानशीनं काढायचा. गाडीच्या हबला काळं बूट पॉलिश चोळून त्यावर चाक टेकवायचं, उचलायचं आणि भोकाच्या कडेला जिथं काळा डाग उमटला तेवढंच घासायचं. असं वीस-पंचवीस वेळा. पहिलं चाक हबवर गेलं तेव्हा डब्याचं झाकण बसावं तसा हलका आवाज झाला. बघायला शेडमध्ये कुणी नव्हतं. धाकट्यानं चाक काढलं आणि तोच आवाज ऐकायला पुन्हा बसवलं.

दुसरं बसलं, तिसरं बसलं. चौथं चालू असताना खिशातला फोन वाजला. त्याला वाटलं दादाचा. ग्राइंडर बंद न करताच त्यानं खिशात हात घातला, कोपर दांड्याला लागलं आणि कटर आत घुसला. फोनवरची बाई विचारत होती, "विमा काढलाय का आपण?"

"कशाचा?" धाकट्यानं विचारलं, आणि फोन ठेवला.

भोकाच्या कडेला खाच पडली होती. ती गुळगुळीत करता करता भोक दीड मिलीमीटर जादा मोठं झालं. चाक हबवर सैल बसू लागलं. वजन नटांवर येतं हे खरं, पण चाक आधी बरोबर मधोमध बसायला हवं, नाहीतर गाडी थरथरणार. दोन दिवस तो शेडकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी पितळी पत्रा आणून त्यानं हबच्या मापाची एक बारीक कडी बनवली, भोकात दाबून बसवली आणि पुन्हा पॉलिश लावून तपासली. डाग चारी बाजूंनी सारखा उमटला.

टायरवाल्यानं टायर चढवले, चाकं मशीनवर फिरवून तोल साधला. कडी बघून त्यानं विचारलं, "हे कुणाचं काम?"

"माझंच."

"एकट्यानं केलंत?"

"दुसरं आहे कोण?"

या चाकांना चालतील असे निमुळत्या टोकाचे नवे नट टायरवाल्यानं शोधून दिले आणि बजावलं, "शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा आवळा. अलॉय आहे, विसरू नका."

मोकळ्या रस्त्यावर गाडी ऐंशीला नेली तरी स्टिअरिंग थरथरलं नाही. धाकट्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरून बाजूनं एक फोटो काढला आणि दादाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. फोटोच पुरेसा होता.

दोन दिवसांनी फोन आला. "गाडी झकास दिसतेय रे छोट्या. नवी चाकं घेतलीस?"

धाकट्याला वाटलं चेष्टा करतोय. "नवी कसली? तुझीच ती."

"माझी? कुठली?"

"पलंगाखालची. बसत नव्हती ती."

"मी आणली होती का? काही आठवत नाही बघ. असेल, असेल."

"आपण नऊ दिवस बोललो नव्हतो."

"चाकांवरून? काहीतरीच काय." थोरला हसला. "तुला बारीकसारीक फार लक्षात राहतं."

फोन ठेवल्यावर धाकटा ओट्यापाशी उभा राहिला. दादाच्या मनात काही नव्हतं, कधीच नव्हतं, हे कळून त्याला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण सहा वर्षं तो ज्या भांडणात राहिला, त्यात तो एकटाच होता, हेही त्याबरोबरच कळलं.

पुढच्या शुक्रवारी वहिनींनी स्वतः फोन केला. "भावजी, या की एकदा. हे जेवताना तुमचंच सांगत असतात." दुसऱ्या दिवशी पहाटे निघून तो दुपारी पोचला. दादाचं पोट सुटलं होतं, डोळ्यांवर चष्मा आला होता आणि हातात पुस्तक होतं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, गुडघ्यावर हात टेकून वाकला, चाकावरून बोट फिरवलं. "सुंदर आहेत," तो म्हणाला. आठवलं मात्र नाही. मग चावी मागून घेऊन चालकाच्या जागी बसला. धाकटा नेहमीच्या जागी, त्याच्या डावीकडे.

गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन ते परत आले. "अजून डावीकडे ओढते ही," थोरला म्हणाला.

"गाडी नाही ओढत. तू ओढतोस. तीस वर्षं सांगतोय."

दोघंही हसले. पुलावरून वळताना थोरला म्हणाला, "तिची आई मध्येच हाक मारते. फार वेळ बाहेर राहता येत नाही." धाकट्यानं मान हलवली. घरी वहिनींनी गरम जेवण वाढलं, आतल्या खोलीतून म्हातारीनं दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा थोरला उठून गेला. हाक आली की तो जसा सहज उठायचा, त्यावरून धाकट्याला दिसलं की हा आता इथलाच आहे.

रात्री राहिला, सकाळी चहा घेऊन निघाला. "सोमवारी एक कपाट पोचवायचंय," त्यानं सांगितलं. ते खरंही होतं.

घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. गाडी शेडमध्ये लावून त्यानं पाना काढला. प्रत्येक चाकाला सहा, असे चोवीस नट, त्यानं क्रमानं एकेक तपासले. एकही हलला नव्हता. पाना जागेवर ठेवून तो आत गेला, हातपाय धुतले, खिडकीतून पाहिलं तर ऊन अजून भिंतीवर होतं. मग तो पुन्हा बाहेर आला आणि पहिल्या नटापासून सुरुवात केली.