संपावरची खिचडी

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, मी काही लाजणार नाही. चूक झाली ती झाली.

कंधार तालुक्यातल्या एका छोट्या गावात मी मास्तर आहे. जुन्या पेन्शनसाठी आमचा संप सुरू झाला आणि तहसीलसमोरच्या मांडवात पहिलं भाषण माझंच. "मागणी मान्य होईस्तोवर सरकारी कागदावर एक ओळ लिहिणार न्हाई. करायचं तर करा निलंबित!" टाळ्या काय पडल्या म्हणता.

खाली येऊन बसलो तोच मोबाइलवर अकराचा गजर वाजला. आता आमचं रोजचं एक काम सांगतो. अकराला मोबाइलवर खिचडीची माहिती भरायची: किती लेकरं आली, किती जेवली. वर्षानुवर्षांची सवय. माझं डोकं टाळ्यांत होतं, अंगठ्यानं आपलं काम केलं. हजर चौसष्ट, जेवली चौसष्ट.

तासाभरात शेजारच्या सूर्यवंशी सरांनी मोबाइल पुढे केला. "सर, साऱ्या तालुक्यात एकच शाळा चालू दाखवून राहिली. तुमची."

तेवढ्यात शेवंताबाईंचा फोन. शाळेची खिचडी त्याच शिजवतात, नात आमच्याकडंच दुसरीला आहे.

"गुरुजी, शाळेला कुलूप हाय, म्या चूल पेटवली न्हाई. अन् साहेब फोनवर इचारून राहिले, आज काय शिजवलं म्हणून. चौसष्ट लेकरं जेवली कशी?"

"बाई, चुकून भरलं."

"मग माझी नात त्या चौसष्टात हाय का न्हाई? सकाळपासून खायला मागून राहिली. कामाला जाऊ का तिला धरून बसू?"

संप बरोबरच होता, आजही म्हणतो. पण त्या लेकराचं ऐकून फार वाईट वाटलं.

दुपारी मांडवात नोटीस आली. संपाची नव्हे, खिचडीची. न शिजलेलं अन्न चौसष्ट मुलांना वाढल्याबद्दल उद्यापर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर निलंबन.

आता तुम्हीच सांगा. पेन्शनसाठी निलंबित व्हायला मी छाती काढून तयार होतो, पण खिचडीपायी? जमणार नाही म्हणजे नाही.

तिथंच मांडी घातली आणि खुलासा लिहायला घेतला. सुवाच्य अक्षरात, तीन पानं, दोन प्रतींत. भोवती घोषणा दणाणत होत्या. प्रत्येक घोषणेला मीही मूठ वर करत होतो. डावी. उजवा हात सरकारी कामावर होता.