तपासणीला गेलो आणि चहा प्यायलो

मी झेब्युलन ट्रीट. कनेक्टिकट नदीकाठच्या आमच्या गावात लाकडी पिंपं बनवतो. इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या झगड्यात मी काय केलं, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. कारण मी लोकांच्या घरात चहा शोधत फिरलो आणि सापडला तिथे बसून प्यायलो.

ते सतराशे चौऱ्याहत्तर साल होतं. राजाने चहावर कर बसवला, म्हणून बॉस्टनकरांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या आणि राजाने त्यांचं बंदरच बंद केलं. आमच्या गावाने प्रार्थनाघरात शपथ घेतली, की यापुढे चहाला शिवायचं नाही. सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो. त्या आवाजावरच मला तपासणी समितीत घेतलं. अक्कल कुणी पाहिली नाही.

घरी माझी बायको मेहिटाबेल रासबेरीचा पाला उकळून द्यायची.

"अहो, आपल्या हक्कांची चव आहे ती!"

"मग हक्कांत जरा काकवी घाल," मी म्हणायचो. चहावाचून डोकं ठणकायचं.

डॉर्कस पेल ही म्हातारी विधवा उघडउघड राजाच्या बाजूची. तिच्याकडे मी कपाळाला आठ्या घालून तपासणीला गेलो.

"शोधतोस कशाला? हा काय समोर," किटली दाखवत ती म्हणाली. "जप्त करायचाय ना? मग गरम आहे तोवर कर."

मी बसलो. दोन कप जप्त केले. समितीला सांगितलं, "पेलबाईंचा संशय येतो, पुन्हा जावं लागेल." असा दर गुरुवारी मी संशय घेत राहिलो.

शरद ऋतूत वातावरण तापलं. एका दुपारी समितीचे प्रमुख होझिया लॅटिमर दहाबारा माणसं घेऊन तिच्या दारात आले. मी कप हातात घेऊन बसलेलो.

"काय पितोयस?"

"रासबेरी," मी म्हणालो.

लॅटिमरांनी कप हुंगला. मग माझ्याकडे न बघता ते म्हातारीला म्हणाले, "समितीच्या माणसाला फितवतेस? उद्यापासून तुला गावात कुणी पीठ विकणार नाही, सरपण देणार नाही."

ती किटलीवर झाकण ठेवत राहिली. मीच आपणहून येतो, एवढं सांगून ती सुटली असती. हिवाळा तोंडावर आला होता. तेव्हा कुठे माझी वाचा फुटली, तीही चिरकी. "तिने नाही फितवलं. मीच येत होतो. चार महिने."

लोक हसत सुटले. त्या हसण्यात राग निवला. त्यांनी चहाचा डबा अंगणात जाळला आणि म्हातारीला सोडलं. रविवारी मला प्रार्थनाघरात उभं राहून माफीपत्र वाचावं लागलं. "लोभी जिभेमुळे" या शब्दांवर मेहिटाबेल मान खाली घालून बसली. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या वसंतात लेक्सिंग्टनला राजाच्या सैन्याशी फैरी झडल्या आणि युद्ध पेटलं. पेलबाई राजाच्या ताब्यातल्या हॅलिफॅक्सला भावाकडे निघाली. तिची पेटी मी धक्क्यावर नेली.

"तुम्ही जिंकलात, तर मला परत येऊ द्याल का रे?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण मी म्हणालो, "समितीला विचारावं लागेल."

"तू अजून आहेस होय समितीत?"

"काढलं मला," मी म्हणालो.

ती मनापासून हसली आणि माझा हात धरून होडीत उतरली.